इंगळे मॅडमचा बिनपिठाचा पिझ्झा

फुलकोबी किसली, वाफवली, फडक्यात घालून पिळली, तिच्यात अंडं फोडलं, थापली आणि दोनदा भाजली की तिचा पिझ्झा होतो, असं इंगळे मॅडमचं म्हणणं होतं. माझं म्हणणं होतं की ती शेवटपर्यंत फुलकोबीच राहते. पण माझं म्हणणं कोणी विचारलं नव्हतं. मला फक्त खायला सांगितलं जायचं.

नांदुऱ्याला आमची घरं लागून होती. मधे कमरेएवढी भिंत. दुपारी मी जरा आडवी झाले की भिंतीपलीकडून हाक यायची, "सुनंदा." मग भिंतीवर ताटली. ताटलीत काहीतरी गोल, कडेला करपलेलं, मधे ओलं, वर टमाट्याची चटणी आणि चीज.

"आधी खाय, मंग बोल."

मी खायची. मग बोलायची की मॅडम, मधे कच्चं राहिलंय. त्या ताटली उचलून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "प्रमाण चुकलं असन. पद्धत बराबर हाय." ताटली गेली की मी सुटले असं वाटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा हाक. आमच्या मिस्टरांनी तर ती हाक ऐकली की चपला घालून बाहेर जायचं ठरवूनच टाकलं होतं. "बँकेत काम आहे" म्हणायचे. रविवारीसुद्धा.

इंगळे मॅडम निवृत्त होईपर्यंत आमच्या कन्या शाळेत गणित शिकवायच्या. मी मराठीची, त्यांच्याहून बरीच ज्युनिअर. मूळच्या त्या वडनेर भोलजीच्या. त्यांच्या वस्तीतून बी. एड. झालेली पहिली मुलगी, हे त्या स्वतः कधी सांगायच्या नाहीत, पण वडनेरचं कोणीही भेटलं की तेच आधी सांगायचं. बसची वाट पाहून कंटाळा आला की पायी निघायच्या म्हणे. मला ते खरं वाटतं. थांबणं त्यांना जमतच नसे. उंच, काटक, कडक इस्त्रीची कॉटनची साडी, आणि डस्टर टेबलावर आपटायची सवय. वर्गात पुस्तकातली मराठी, घरात वऱ्हाडी, आणि चिडल्या की दोन्ही एकदम.

त्यांच्यात एक मोठा दोष होता, आणि तो साऱ्या शाळेला माहीत होता. स्वतःची चूक त्यांना तोंडाने कबूल करता येत नसे. फळ्यावर गणित चुकलं आणि एखाद्या मुलीने दाखवलं, तर त्या ते पुसून म्हणायच्या, "तुमचं लक्ष आहे का ते पाहत होते." एकदा त्यांनी नववीतल्या एका मुलीला कॉपी केली म्हणून वर्गाबाहेर उभं केलं. कॉपी तिच्या मागच्या मुलीने केली होती, हे संध्याकाळी कळलं. आम्हाला वाटलं, आता तरी दोन शब्द बोलतील. नाही बोलल्या. पण दुसऱ्या दिवसापासून त्या मुलीला पहिल्या बाकावर बसवलं, मधल्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातली भाजी तिच्या डब्यात वाढायला लागल्या, आणि तिची दहावी होईपर्यंत शनिवारी घरी बोलावून फुकट गणित शिकवलं. ती मुलगी एकदा मला म्हणाली, "मॅडम, त्या एकदा सॉरी म्हणाल्या असत्या तं मी सुटली असती. मले गणित आवडतच नाही."

त्यांचे मिस्टर इंगळे काका रेल्वेतून निवृत्त झालेले. शांत माणूस. बायकोला तेही मॅडमच म्हणायचे. आणि एकुलती एक मुलगी रश्मी, पुण्याला. तिची मुलगी ओवी.

ही सगळी कोबीची भानगड सुरू झाली ती ओवीमुळे.

ओवीला गहू चालत नाही. पोट दुखायचं, वजन वाढत नव्हतं, पुण्यात सगळ्या तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी सांगितलं की गहू, रवा, मैदा पूर्ण बंद. कणभरसुद्धा नाही. रश्मी त्या उन्हाळ्यात तिला घेऊन आली तेव्हा आल्या आल्या तिने आईला हे समजावून सांगितलं. मी तिथेच बसले होते. मॅडमनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या वडनेरात गव्हानं कोणी बिमार पडलेलं मी तं पाह्यलं नाही. ह्या पुण्याच्या डॉक्टरायले काय काम हाय दुसरं."

रश्मी म्हणाली, "आई, प्लीज. हे सिरियस आहे."

"हाव, ऐकलं मी."

ऐकलं, पण पटलं नाही. रश्मी एका मैत्रिणीकडे खामगावला गेली होती त्या दुपारी मॅडमनी पोळीचा चुरा करून त्यात गूळ-तूप घातलं आणि नातीला भरवलं. पोरगी वाळत चालली, जरा अंगी लागेल म्हणून. संध्याकाळपासून ओवीला उलट्या सुरू झाल्या. रात्री तिला खामगावच्या दवाखान्यात न्यावं लागलं, सलाईन लावावं लागलं. बरी झाली पोरगी, पण रश्मीने दवाखान्यातूनच परत जायचं ठरवलं. सामान घ्यायला घरी आली तेव्हा तिने आईला एवढंच विचारलं, "सांगितल्यावरही दिलंस?"

मॅडम दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "प्रमाण जास्त झालं असन."

मी भिंतीशी उभी होते आणि मला त्या क्षणी त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. रश्मीने बॅग उचलली आणि गेली. त्यानंतर तिचा फोन फक्त काकांना यायचा. मॅडम त्या वेळी स्वयंपाकघरात भांडी घासत बसायच्या, आधीच घासलेली.

मग एक दिवस ओवी फोनवर आजोबांशी बोलताना रडली. वर्गातल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला सगळ्यांनी पिझ्झा खाल्ला आणि ती एकटी आपला डबा घेऊन कोपऱ्यात बसली होती. काका तिला समजावत राहिले. मॅडम आत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाजारातून पिशवीभर फुलकोबी आणली.

मी त्यांना पहिल्याच दिवशी म्हटलं, "मॅडम, ओवीला ज्वारी चालते. ज्वारीच्या भाकरीवर चीज घाला. सोपं आहे."

"मले समजत नाही काय ते? चाल माह्यासंगं."

त्या मला चक्कीवर घेऊन गेल्या. तिथे एक बाई गव्हाचं दळण घेऊन निघाली होती आणि तिच्या मागे लगेच ज्वारी पडत होती, त्याच चक्कीत. मॅडमनी चक्कीवाल्याला विचारलं, "ज्वारी दळायच्या आधी तुम्ही चक्की धुता काय?"

तो हसला. "मॅडम, चक्की धुतेत काय कोणी?"

"मंग झाडून तं घ्या. पाटा खोला, ब्रशनं साफ करा. मी थांबतो."

पंधरा बाया दळणाचे डबे घेऊन मागे उभ्या. चक्कीवाल्याने आधी समजावलं, मग हात जोडले. "मॅडम, हे चक्की हाय, दवाखाना नाही."

घरी येताना त्या म्हणाल्या, "पाह्यलं? पीठ म्हटलं की गहू आलाच. या गावात पीठच नको." आणि त्या दिवसापासून त्यांच्या त्या पिझ्झ्यात पिठाला बंदी झाली. ज्वारी, बाजरी, तांदूळ, बेसन, कशाचंच नाही. मी म्हटलं, घरी मिक्सरमध्ये दळा. तर म्हणाल्या की मिक्सरमध्ये मागे रवा फिरवलेला आहे. मी म्हटलं, नवीन मिक्सर घ्या. तर म्हणाल्या, "तू मराठी शिकव."

एखाद्या गोष्टीवर पूर्ण अविश्वास आणि मग पूर्ण विश्वास, मधलं काहीच नाही, असा तो स्वभाव. ज्या बाईने डॉक्टरचं ऐकलं नव्हतं ती आता कणभर पिठाला विंचवाला भ्यावं तशी भीत होती.

फुलकोबीनंतर लौकी, म्हणजे दुधी भोपळा, आली. लौकीला इतकं पाणी सुटलं की ओव्हनमधून कढी निघाली. मग रताळं. ते गोड लागलं, मग त्यांनी त्यात जास्त मिरची घातली, आणि काकांना दोन दिवस ताक प्यावं लागलं. मग कोहळं. कोहळ्याचा प्रयोग त्या पौर्णिमेला विहारात घेऊन गेल्या. वंदना झाल्यावर खीर वाटतात, तिच्याबरोबर यांचे तुकडे. एका म्हाताऱ्या बाईने तुकडा हातात फिरवून पाहिला आणि विचारलं, "हे थालीपीठ हाय काय वं?"

"थालीपीठ नाही, आजी. याच्यात पीठच नाही."

"मंग नुसती थालीच म्हण ना."

सगळ्या बाया हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "लोकायले नवं काही समजत नाही." मी काही बोलले नाही, कारण माझ्या तोंडात कोहळं होतं.

खरी गोष्ट पाण्याची होती. भाजीतलं पाणी पूर्ण निघालं नाही तर तळ कुरकुरीत होत नाही. मॅडम काकांच्या पंच्यात घालून पिळायच्या, पण हाताला तेवढा जोर राहिला नव्हता, बोटांचे सांधे दुखायचे. एका दुपारी मी शाळेतून लवकर आले तर माझ्या मागच्या अंगणात वॉशिंग मशीन सुरू. मॅडमनी उशीच्या खोळीत किसलेली फुलकोबी भरून, तोंड नाड्याने बांधून, माझ्या मशीनच्या ड्रायरमध्ये घातली होती. स्वतःच्या घरी मशीन नव्हती म्हणून माझी.

"मॅडम, हे काय आहे?"

"पाय, कसं पाणी निंघते. इतकं हातानं निंघन काय?"

पाणी निघालं. त्याच्यासोबत खोळीची शिवणही निघाली. पुढे महिनाभर आमच्या कपड्यांना उकडलेल्या कोबीचा वास येत होता. शाळेत एक मुलगी दुसरीला हळूच म्हणाली, "मॅडमच्या घरी रोज कोबीच करतेत काय?" त्या दिवशी माझा तोल गेला. मी घरी न जाता सरळ मॅडमकडे गेले. त्या किसणी धूत होत्या.

मी म्हटलं, "मॅडम, हे सगळं कशासाठी? ओवी पुण्यात आहे. रश्मी तुमच्याशी बोलत नाही. तुम्ही आम्हाला चारून काय होणार आहे? एक फोन करा तिला. चूक झाली म्हणा. संपलं."

त्यांनी किसणी नळाखाली उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मग म्हणाल्या, "फोनवरून पिझ्झा जाते काय?"

मी घरी आले. संध्याकाळी भिंतीवर ताटली आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी मीच हाक मारून विचारलं, आज काही केलं नाही का. माझंच मला हसू आलं.

थंडीत रश्मीच्या सासरी नागपूरला लग्न होतं. ती आणि ओवी पुण्याहून रेल्वेने जाणार होत्या आणि गाडी नांदुऱ्याला थांबणार होती. काकांना तिने सांगितलं, बाबा, स्टेशनवर या, ओवीला भेटा. आईचं नाव घेतलं नव्हतं. काकांनी ते घरात जसंच्या तसं सांगितलं, कारण त्यांना दुसरं काही जमत नसे. मॅडमनी ऐकलं आणि विचारलं, "गाडी कधीची?"

त्या सकाळी मला सुट्टी होती, ती माझी चूक. मला मदतीला बोलावलं आणि दारातच थांबवलं.

"पोळ्या केल्या काय तू आज?"

"केल्या."

"मंग कोपरापर्यंत हात धू. अन् हे पातळ बदलून ये. याले पीठ असन."

मी पातळ बदलून आले. मग नखं पाहिली. इतक्या वर्षांची माझी नोकरी, आणि मी अंगणात हात पुढे करून उभी. घरातली कणीक दोन दिवसांपासून बाहेर गेली होती. परात, पोळपाट, लाटणं काकांनी मागच्या रिकाम्या गोठ्यात नेऊन ठेवलं होतं. डबा नवा आणला होता, किसणी नवी, तवासुद्धा नवा. फुलकोबी आदल्या संध्याकाळीच किसून, वाफवून, पिळून ठेवलेली. ती काकांनी आणि त्यांनी पंचा दोन टोकांना धरून पिळली होती, कपडे पिळतात तशी.

थापून झालं आणि लाईन गेली. ओव्हन बंद. मी म्हटलं, आता राहू द्या, काकांनी खामगावहून आणलेला बिनगव्हाच्या बिस्किटांचा पुडा आहे, तोच देऊ. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गॅस पेटवला. नव्या तव्यावर, मंद आचेवर, झाकण न ठेवता, त्या अर्धा तास उभ्या राहिल्या. मधे मधे कडेने सराटा घालून पाहायच्या. उलटवायची वेळ आली आणि मी पुढे झाले, तर म्हणाल्या, "बाजूले हो." उलटला. अख्खा उलटला. खालून तांबूस झाला होता. मग वर टमाट्याची चटणी, पनीर, चीज. मला चाखायलाही दिला नाही. एकच झाला होता.

स्टेशनवर आम्ही लवकर पोचलो. तरी गाडीचा डबा कुठे लागेल यावरून त्यांनी काकांशी वाद घातला. काका आयुष्यभर रेल्वेत होते, त्यांनी एक जागा दाखवली. मॅडम दुसऱ्या जागी उभ्या राहिल्या. गाडी आली तेव्हा रश्मीचा डबा काकांच्या समोर थांबला. मॅडम प्लॅटफॉर्मच्या त्या टोकाहून पिझ्झ्याचा डबा छातीशी धरून पळत आल्या. गुडघ्याचं दुखणं होतं, पण पळाल्या.

रश्मी दारात उभी होती, ओवीला पुढे धरून. काकांनी ओवीला कडेवर घेतलं. मॅडमनी डबा वर केला. रश्मीने तो घेतला नाही. शांतपणे विचारलं, "यात काय आहे?"

मी इंगळे मॅडमना हजारो मुलींना प्रश्न विचारताना पाहिलं होतं. त्यांना कोणी प्रश्न विचारलाय आणि त्या सरळ उभ्या राहून उत्तर देतायत, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. धाप लागली होती. तरी एकेक सांगितलं. "फुलकोबी. अंडं. घरचं पनीर. चीज इकतचं हाय, पुडा वाचून आणलं, पुडा खाली ठेवला हाय, तूही वाच. टमाट्याची चटणी घरची. हिंग नाही टाकला, हिंगात गहू असते. कशाचंच पीठ नाही. डबा नवा. तवा नवा."



"भरवसा नसन तं देऊ नको तिले," मॅडम म्हणाल्या. "फेकून दे. मी मांगच्या टायमाले चुकली. तू सांगतलं होतं, अन् मी ऐकलं नाही."

शिट्टी झाली. काकांनी ओवीला पुन्हा दारात उभं केलं. रश्मीने वाकून डबा घेतला. गाडी हलली तशी तिने ओवीला आत ओढलं आणि दाराच्या दांड्याला धरून ती उभीच राहिली, दिसेनाशी होईपर्यंत.

परत येताना रिक्षात मॅडम रिक्षावाल्यावर ओरडत होत्या की खड्डा पाहून चालव. काका खिडकीबाहेर बघत होते. मला रडू येत होतं आणि त्यांचा राग पण येत होता. हेच वाक्य उन्हाळ्यात दारात म्हटलं असतं तर आमची मशीन वाचली असती.

त्या रात्री फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीपलीकडून काकांचा आवाज आला, "मॅडम, तुमच्यासाठी हाय." रश्मीचा फोन होता. मग मॅडमचा आवाज, "पंच्यात घाल अन् दोघांनी पिळा. एकट्यानं होत नाही."

ओवीचा निकाल मला नंतर कळला. वरचं चीज छान होतं, खालचं नको, असं ती म्हणाली होती. मला त्या मुलीबद्दल फार आदर वाटला. एवढे महिने आम्हा मोठ्या माणसांना जे बोलायची हिंमत झाली नाही ते तिने एका घासात सांगितलं. मॅडमना मी मुद्दाम विचारलं, "मग आता?" त्या म्हणाल्या, "खालचं खाल्लं का नाही ते सांगतलं नाही तिनं. खाल्लं असन." आणि पुन्हा कोबी आणायला गेल्या.

पुढच्या मे महिन्यात रश्मी आणि ओवी आल्या. मी तेव्हा आवराआवरीत होते. माझी निवृत्ती झाली होती आणि आम्ही संग्रामपूरला, सासरच्या घरी राहायला जाणार होतो. निघताना मॅडमनी मला डबा दिला. त्यात काय होतं ते सांगायची गरज नाही. म्हणाल्या, "तिकडं ओव्हन घेजो." मी हो म्हटलं. घेतलं नाही.

त्यानंतर त्या मला एकदाच दिसल्या. संग्रामपूरच्या बाजाराचा दिवस होता, नाताळच्या सुट्ट्या सुरू होत्या. सातपुड्याकडून भाजी येते इथे, आणि मॅडमचं मत होतं की नांदुऱ्याच्या कोबीत पाणी जास्त. तेवढ्यासाठी त्या बसने आल्या असणार. भाजीच्या रांगेत त्या उकिडव्या बसल्या होत्या, कॉटनची साडी, इस्त्रीची. शेजारी ओवी, उंच झालेली, गालावर रंग आलेला. ओवी एकेक गड्डा उचलून, उलटा करून, नाकाशी नेऊन पाहत होती आणि नको म्हणून आजीच्या हातात देत होती. आजी तो भाजीवालीला परत देत होती आणि पुढचा मागत होती. भाजीवाली वैतागली होती, म्हणाली, "बाई, पोरगी म्हणन तसं किती ऐकान?"

मॅडमनी पुढचा गड्डा घेतला आणि ओवीपुढे धरला.

मी हाक मारणार होते. तोंड उघडलंसुद्धा. पण मला माहीत होतं, हाक ऐकली की त्या माझा पत्ता विचारतील, घरी येतील, आणि माझ्या स्वयंपाकघरात किसणी शोधतील. मी मिरचीच्या पोत्यांमागे सरकून उभी राहिले. ओवीला शेवटी एक गड्डा पसंत पडला. तो दोघींनी मिळून पिशवीत घातला, आणि पिशवीचा एकेक बंद धरून त्या बस स्टँडकडे चालायला लागल्या.